पाहुण्याचा पाहुणा

ताई,

मी पुण्याची, कोथरूडची. वय २७. गेल्या वैशाखापासून नेपाळमध्ये लमजुंग जिल्ह्यातल्या एका डोंगरावरच्या गावात, सरकारी शाळेत स्वयंसेवक म्हणून गणित आणि इंग्रजी शिकवते. एका घरी राहते. घरात आमा, बुवा (म्हणजे आई-वडील, घरमालकांना मी तसंच म्हणते) आणि त्यांची सातवीतली नात. माझा मित्र हिंजवडीत नोकरी करतो. चार वर्षं आम्ही एकत्र आहोत, दोन्ही घरी माहीत आहे, साखरपुडा अजून नाही. त्याला दिवाळीच्या सुमारास १० दिवस रजा मिळतेय आणि तो इकडे यायचं म्हणतोय. त्याची यादीही तयार आहे. शाळेत दोन दिवस कॉम्प्युटर शिकवणार, मुलांना वह्या-चॉकलेटं वाटणार, ड्रोनने गावाचं शूटिंग करणार, मग आम्ही दोघं पोखऱ्याला जाणार. मी काठमांडूला घ्यायला यावं असंही त्याला वाटतंय. इकडे माझे सहामाहीचे पेपर, शाळा रविवारीही असते, हेडसर पुढच्या वर्षीही थांबा म्हणतायत (हे अजून कुणाला बोलले नाहीये), आणि आमाला काय सांगायचं हा वेगळाच प्रश्न. एक मैत्रीण म्हणते नवरा आहे म्हणून सांग, दुसरी म्हणते चुलतभाऊ सांग. तो येणार म्हणून आनंद व्हायला हवा, पण खरं सांगू का, ओझं वाटतंय. मी वाईट आहे का?

— मिस, मुक्काम लमजुंग

प्रिय मिस,

वाईट वगैरे काही नाहीस. पण पत्रात त्याची रजा आहे, हेडसर आहेत, दोन मैत्रिणींचे सल्ले आहेत, आणि ‘तो आला तर तुम्हाला चालेल का’ असं आमाला विचारल्याचं मात्र कुठेच नाही. ‘आमाला काय सांगायचं’ एवढाच प्रश्न तुला पडलाय. अगं, त्या घरात तू स्वतः पाहुणी आहेस. तू बोलावशील तो पाहुण्याचा पाहुणा. कोथरूडला तुझ्या आईकडे पेइंग गेस्ट राहणाऱ्या मुलीने ‘माझा मित्र दहा दिवस येतोय हं काकू’ असं परस्पर ठरवून सांगितलं असतं, तर आईचा चेहरा कसा झाला असता?

तेव्हा तिकिटाच्या आधी आमा. विचारताना नकाराला जागा ठेव. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायचं तिकडेही जिवावर येतं, त्यामुळे तिने ‘हुन्छ’, म्हणजे ‘चालेल’, म्हटलं की सुटले असं समजू नकोस. एक-दोन दिवस जाऊ देत, नातीला हळूच विचार. सातवीतली मुलं घरातलं खरं बोलणं जसंच्या तसं सांगतात. आमाच्या पाठोपाठ हेडसर आणि तुझ्या संस्थेचा जो कुणी समन्वयक असेल तो. बऱ्याच संस्थांचे बाहेरच्या पाहुण्यांबद्दल लेखी नियम असतात, ते काढून वाच.

पैशाचंही आत्ताच बोलते, कारण ते कुणीच बोलत नाही. आमाला जे पैसे मिळत असतील ते तुझ्या ताटाचे. तो आला की तांदूळ, तेल, गॅस, पाणी सगळं वाढतं. त्यातून दालभात म्हणजे ‘थप, थप’ करत पुन्हा पुन्हा वाढायची पद्धत, आणि आपला माणूस भात सोडणारा नव्हे. त्याच्या राहण्या-जेवणाची रक्कम पाकिटात घालून त्याने स्वतः, पहिल्याच दिवशी आमाच्या हातात द्यावी. उजव्या हाताने, डावा हात उजव्या कोपराला लावून. निघायच्या दिवशी दिलेलं पाकीट बक्षिसासारखं दिसतं आणि ती ते परत करायला बघेल.

आता ‘कोण म्हणून सांगायचं’. दोन्ही मैत्रिणींचे सल्ले गाळ आहेत. नवरा म्हणून सांगितलंस तर पहिल्या संध्याकाळी धाऱ्यावर पाणी भरायला आलेल्या बायका विचारतील, सिंदूर कुठंय? लग्न झालेल्या बाईच्या गळ्यातली मण्यांची माळ, पोते, कुठंय? इतके महिने तू मोकळ्या भांगाने, मोकळ्या गळ्याने फिरतेयस ते अख्ख्या गावाने पाहिलंय. आणि चुलतभाऊ? तो दिवाळीच्या सुमारास येणार, म्हणजे ऐन तिहारात, त्यांच्या दिवाळीत. त्यांचा भाइटीका म्हणजे आपली भाऊबीज, फक्त तिचा थाट आपल्यापेक्षा कितीतरी मोठा. आमा हौसेने मखमलीच्या फुलांची माळ ओवेल, तुला त्याच्याभोवती तेलाची धार धरून फिरायला लावेल, उंबऱ्यावर अक्रोड फोडायला लावेल आणि त्याच्या कपाळावर सप्तरंगी टीका लावायला सांगेल. अख्खा शेजार बघायला. मग पुढच्या वर्षी लग्नाची पत्रिका कुठल्या तोंडाने पाठवणार आहेस?

खरं सांग. लग्न ठरायचंय, दोन्ही घरच्यांना माहीत आहे, तो मला भेटायला येतोय. यात लपवण्यासारखं काय आहे? आमाला न पटण्याची शक्यता तुम्ही एका खोलीत राहण्याबद्दल आहे, आणि ते तिच्यावर टाकूच नकोस. त्याची झोपायची सोय शाळेतल्या एखाद्या सरांच्या घरी कर आणि आमाला विचारतानाच तसं सांगून टाक. तिच्या खांद्यावरचं अर्धं ओझं तिथेच उतरेल. गावात हातात हात घालून फिरायचं नाही, त्याच्या ताटात आपला चमचा घालायचा नाही. उष्ट्याला तिकडे जुठो म्हणतात आणि ते आपल्या आजीच्या काळाइतकं कडक पाळतात. चार दिवसांचा प्रश्न आहे. पोखऱ्याला गेलात की तुम्ही आणि तुमचं नशीब.

चार दिवस म्हटलं ते मुद्दाम. दहाच्या दहा दिवस त्याला गावात ठेवू नकोस. आणि दिवाळीत तर बोलावूच नकोस. तिकडचा दशैं आपल्या घटस्थापनेला सुरू होतो तो कोजागिरीपर्यंत चालतो. त्या दिवसांत काठमांडूहून गावोगावी जाणाऱ्या बसगाड्या खच्चून भरलेल्या असतात आणि घरोघर लेकी-सुना, नातवंडं आलेली असतात. तिहारात पुन्हा तेच. आमाच्या घरात तेव्हा तुलाच जागा पुरली तर मिळवली. तिहार उरकल्यावर, त्यांच्या कार्तिकाच्या शेवटी किंवा मंसिरात, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्याच्या आसपास किंवा नंतर, त्याने यावं. पाऊस गेलेला असतो, दरडींची भीती कमी, जळवा नाहीत, आकाश निवळलेलं, आणि भाताची कापणी चालू. या कापणीचं पुढे काम आहे. हिंजवडीवाल्याला रजा पुढे ढकलायला सांग. दिवाळी आईजवळ काढून येतो म्हटलं की त्याच्या घरीसुद्धा कुणाची कुरकुर राहणार नाही.

काठमांडूला घ्यायला जायचं नाही. गाव ते काठमांडू म्हणजे एक अख्खा दिवस, तितकाच परतीला. तेवढ्यासाठी सातवीचं गणित बुडवायचं? तो काय कुक्कुलं बाळ आहे? पाट्या देवनागरीत आहेत, हिंदी बहुतेकांना कळते. पहिले तीन दिवस त्याने एकट्याने काठमांडूत काढावेत, पशुपतिनाथ करावं, पाटण आणि भक्तपूर निवांत बघावं, मग सकाळची बेसीसहरची, म्हणजे लमजुंगच्या जिल्ह्याच्या गावाची बस धरावी. ती पृथ्वी राजमार्गाने डुम्रेपर्यंत येते आणि तिथून वर वळते. बेसीसहरला तू उतरून घ्यायला जा. तेवढं पुरे, आणि गावच्या जीपमध्ये शेजारी बसून वर जाण्यातली मजा काठमांडूच्या टॅक्सीत नाही. एकटा प्रवास करून आलेला माणूस सांगायला काहीतरी घेऊनही येतो. नाहीतर दहा दिवस तूच बोलायचं आणि त्याने ऐकायचं.

कागदपत्रांचं एक लक्षात ठेव, कारण यात पुष्कळजण अडकतात. आपल्याला नेपाळचा व्हिसा लागत नाही हे खरं, पण तुमच्या वयाच्या माणसाचं आधार कार्ड तिथे चालत नाही. पासपोर्ट हवा, नाहीतर मतदार ओळखपत्र. त्याचा पासपोर्ट कुठल्या तरी व्हिसासाठी कंपनीत अडकलेला असेल तर आत्ताच विचार. पैसे शंभराच्या नोटांत आणू देत. आपल्या १०० रुपयांचे नेपाळी १६० हा दर १९९३ पासून कायम आहे, त्यामुळे घासाघीस करायची सोयच नाही. भारतातलं यूपीआय २०२४ पासून तिकडच्या बऱ्याच दुकानांत क्यूआर कोडवर चालतं, पण तुझ्या गावातल्या किराणाच्या टपरीवर त्या भरवशावर राहू नये. पाणी उकळलेलंच प्यायचं, आणि तरीही पोट बिघडलं तर मेडिकलमध्ये ‘जीवनजल’ मागायचं, म्हणजे आपलं ओआरएस. पोट बिघडणार आहे असं धरूनच चाल. रात्री टॉर्च घेऊन अंगणापलीकडच्या चर्पीत, म्हणजे संडासात, जायचं असतं, हेही आधी सांगून ठेव. या गोष्टी फोटोत दिसत नाहीत.

आता शाळा. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

दोन दिवस कॉम्प्युटर शिकवणं रद्द. माझी भाची धडगावकडे एका आश्रमशाळेत शिकवायची. तिचा नवरा भेटायला गेला आणि उत्साहाने दोन दिवस विज्ञानाचे प्रयोग करून आला. फुगे, लिंबू, लोहचुंबक, फार धमाल. मुलं बेहद्द खूश. तो पुण्याला परतला आणि हिच्या वर्गात रोज एकच प्रश्न, ते सर परत कधी येणार? हिने भागाकार काढला की मागच्या बाकावरून उसासे. जी रोज उभी राहते ती रटाळ आणि जो दोन दिवस आला तो भारी, असा हिशेब मुलं सहज करतात. त्यात त्यांची चूक नाही. पण तू आल्यापासून जी घडी बसवलीयस ती विस्कटायचा हक्क त्याला कुणी दिला? त्याने शाळेत यावं, हेडसरांकडे बसून चहा प्यावा, मुलांशी चार शब्द बोलावेत, दुपारी पोरांबरोबर व्हॉलीबॉल खेळावा. फळ्यापुढे जायचं नाही.

चॉकलेटं तर नकोतच. अन्नपूर्णेच्या बाजूच्या ट्रेकिंगच्या वाटांवर पोरं अनोळखी माणूस दिसला की ‘वन पेन, वन स्वीट’ म्हणत मागे लागतात. ती सवय त्यांनी घरून आणलेली नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी लावलीय. वह्यांसाठी अप्पा बळवंत चौकातून गठ्ठे वाहून न्यायचंही कारण नाही, वह्या बेसीसहरला मिळतात आणि तिथल्या दुकानदाराचाही धंदा होतो. शाळेला खरोखर काय हवंय ते हेडसरांना विचार. बहुतेक ते फळ्याचा रंग, शौचालयाच्या दाराची कडी, नाहीतर पाण्याची टाकी असलं काहीतरी सांगतील, ज्याचा फोटो छान येत नाही. जे सांगतील ते शाळेच्या नावाने द्यावं, पावती घ्यावी. बॅगेत जागा उरली तर चितळ्यांची बाकरवडी आणू दे. शिक्षकांच्या खोलीत डबा उघडला की संपेल, शिवाय ती पोरांना लाचही ठरत नाही. आमासाठी साडी आणायची हौस असेल तर आणू दे. सुती, लाल काठाची, कारण लाल तिकडे सुवासिनींचा रंग.

ड्रोनचं म्हणशील तर, नेपाळात ड्रोन उडवायला सरकारी परवानगी लागते, आणि लमजुंगचा वरचा भाग अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात येतो, तिथे परवानगीची आणखी एक पायरी. चार दिवसांच्या पाहुण्याने त्या भानगडीत पडून तुला आणि हेडसरांना पोलीस चौकीत उभं करू नये. मोबाइलवर डोंगराचे हवे तेवढे फोटो काढावेत. मुलांचे चेहरे, शाळेचे गणवेश, मुलींचे ग्रुप फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत. आपल्या सोसायटीतल्या पोरांचे फोटो कुणी परक्याने असे टाकले असते तर व्हॉट्सॲप ग्रुपवर रणकंदन झालं असतं. तिथल्या आया ग्रुपवर नाहीत, इतकंच.

मग सकाळी दहा ते चार तो करणार काय? कंटाळणार. कंटाळू दे. पत्र वाचताना मला सारखं जाणवत होतं की त्याच्या प्रत्येक तासाची जबाबदारी तू आपल्या डोक्यावर घेतलीयस, आणि मग ओझं वाटलं म्हणून स्वतःलाच बोल लावतेयस. एरवीही तू शाळेत जाऊन येतेस, वह्या तपासतेस, साडेआठला पेंगतेस. त्याने तेच बघायला यायचं आहे. सकाळी नऊ-दहाला जेवण होतं आणि नंतर थेट दुपारचा खाजा, म्हणजे नाश्ता, हे अंगवळणी पडायलाच त्याला दोन दिवस लागतील. त्यानंतर बुवांच्या मागे शेतावर जावं. कापणीत त्याच्या हातून काय डोंबल होणार, पण पेंढ्या वाहून आणता येतील, आणि संध्याकाळी अंगणात बसून मक्याचे दाणे सोलता येतील. बुवांना हिंजवडीबद्दल आणि त्याला कोदोबद्दल, म्हणजे आपल्या नाचणीबद्दल, पुष्कळ विचारता येईल. तू पाचला दमून घरी येशील तेव्हा लगेच गोडगोड बोलायला लागायचं नाही. चहा घे, अर्धा तास गप्प बस. त्यालाही हे फोनवरच सांगून ठेव, नाहीतर त्याला वाटेल रुसलीस.

भांडण होईल, तेही धरून चाल. इतक्या महिन्यांनी भेटलेल्या माणसांचं तिसऱ्या दिवशी होतंच. घराच्या भिंती पातळ असतात आणि मराठी न कळणाऱ्यालाही आवाजाची पट्टी कळते, तेव्हा भांडायला वरच्या वाटेने फिरायला जा. गुरुवार-शुक्रवारची रजा टाक, शनिवार जोड, आणि पोखऱ्याला जा. तिथे अंघोळीला गरम पाणी असेल, फेवा तळ्याच्या काठी बसता येईल, जे काही बोलायचंय ते बोलता येईल. तिथून त्याने एकट्याने काठमांडू गाठावं, तू रविवारी शाळेत. पुण्यात दोन्ही घरी सांगूनच त्याने निघावं. लोहगावच्या विमानतळावर कुणी ना कुणी काका भेटतातच.

राहिलं ते एकच, आणि पत्रातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू कंसात कोंबलीयस. हेडसर पुढच्या वर्षीही थांबा म्हणतायत. चैत्रात तुझं वर्ष संपतं, वैशाखात नवं सुरू होईल, आणि तुझ्या मनात थांबावं असं आहे. नसतं तर तू ते कुणाला तरी हसत सांगून टाकलं असतंस. हा मुलगा रजा पुढे ढकलून, हजारोंचं तिकीट काढून येणार, मनात बहुतेक साखरपुड्याची तारीख घेऊन. आणि तुझ्या खिशात ही बातमी. ओझं होणार नाही तर काय होईल?

पोखऱ्याच्या तळ्याकाठी सांगू असं तुझ्या मनात असेल तर काढून टाक. तिथवर ते टिकणारच नाही. त्याने हेडसरांकडे पहिला चहा प्याला की ते कौतुकाने त्यालाच म्हणतील, ‘मिस अजून एक वर्ष राहिल्या तर फार बरं होईल, तुम्हीच सांगा त्यांना.’ अख्ख्या शाळेला माहीत असलेली गोष्ट त्याला चहाच्या कपाबरोबर कळली, तर पुढचे सगळे दिवस त्याचं तोंड कसं असेल? त्याचं मुळीच चुकणार नाही.

फोनवर सांग, आणि तिकीट काढायच्या आधी सांग. ठरवलंस असं सांगायचं नाही, कारण ठरवलेलं नाहीस. ‘मला विचारलंय, मला मोह होतोय, तुझं काय मत आहे ते तू इथे येऊन, बघून सांग’ एवढंच. तो चिडेल. दोन दिवस फोन घेणार नाही कदाचित. त्यातून आला, तर ज्या गावासाठी तू आणखी एक वर्ष मागतेयस ते गाव बघायला येईल आणि त्याला कापणीतही रस वाटेल. नाहीच आला, तर निदान आमाच्या अंगणात ते कळणार नाही.

थांबावंस की नाही, हे मी सांगणार नाही. फक्त हेडसरांना एक विचार. गणिताच्या शिक्षकाची जागा मंजूर असून रिकामी आहे, की मुळात मंजूरच नाही? तू थांबल्यामुळे ती जागा भरायची घाई कुणाला उरणार नसेल, तर तोही तुझ्या हिशेबात धरायला हवा. हे उत्तर त्याच्याशी बोलायच्या आधी हातात असू दे, कारण तो पहिला प्रश्न हाच विचारेल.

फोन शुक्रवारी रात्री कर. शनिवारी तुलाही सुट्टी आणि त्यालाही.

— तुझी ताई